अधिकार केंद्राचा की राज्याचा, हे कसे तपासावे

ठाण्यातील महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांत ‘केंद्र बलवान असावे की राज्ये’ हा विषय फिरून फिरून येतो, आणि बरेच वक्ते दिल्लीची दादागिरी किंवा देशाची अखंडता यांपैकी एक टोक पकडून वेळ निभावून नेतात. तयारीला बसताना त्याऐवजी एक ठोस प्रकरण निवडावे आणि त्याबाबत कायदा कोणी करायचा, अंमल कोणी करायचा, जमीन कोणाची आणि पैसा कोणाचा, हे चार प्रश्न वेगवेगळे विचारावेत. चारही उत्तरे एकाच सरकारकडे बोट दाखवतात असे क्वचितच घडते.

ठाणे स्थानकाचेच घ्या. फलाटावर मोबाइल चोरीला गेला तर गुन्हा लोहमार्ग पोलीस नोंदवतात आणि ते राज्याचे पोलीस असतात. शेजारीच उभा असलेला रेल्वे सुरक्षा दलाचा जवान मात्र केंद्राचा असतो. याचे मूळ संविधानाच्या सातव्या अनुसूचीत आहे. तिथे कायदे करण्याचे विषय केंद्रासाठी संघ सूची, राज्यांसाठी राज्य सूची आणि दोघांसाठी समवर्ती सूची असे वाटलेले आहेत. रेल्वे संघ सूचीत २२ व्या क्रमांकावर आहे, तर राज्य सूचीतील दुसऱ्या नोंदीत पोलिसांबरोबर रेल्वे पोलिसांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून नोंद मूळ शब्दांत आणि शेवटपर्यंत वाचावी, परीक्षेच्या गाइडमधील तक्त्यावर विसंबू नये. पोलिसांची हीच नोंद, केंद्राची सशस्त्र दले राज्यात तैनात करण्याविषयीच्या संघ सूचीतील नोंदीच्या अधीन आहे, आणि ही अट १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने घातली, हे तक्त्यात सहसा सापडत नाही.

त्याच दुरुस्तीने शिक्षण आणि वने यांसह पाच विषय राज्य सूचीतून समवर्ती सूचीत नेले. त्याचा परिणाम पाहायला ठाण्यालगतच्या येऊरच्या डोंगराळ जंगलापर्यंत जावे. तिथला वनरक्षक राज्याच्या वन विभागाचा असतो, पण १९८० च्या वनसंवर्धन कायद्यामुळे वनजमीन अन्य कामासाठी द्यायची असेल तर राज्याला केंद्राची पूर्वमंजुरी घ्यावी लागते. त्या डोंगराखालून जाणाऱ्या ठाणे-बोरिवली बोगद्यालाही ही वाट चुकली नाही. समवर्ती विषयात दोन्ही कायदे परस्परविरोधी असतील तर अनुच्छेद २५४ नुसार केंद्राचा कायदा वरचढ ठरतो, मात्र राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची अनुमती मिळालेली असेल तर त्या राज्यापुरता तो टिकतो, आणि तरीही संसद पुढे तो बदलू शकते. राज्यांच्या बाजूने बोलणाऱ्याने हे शेवटचे वाक्य लपवू नये. प्रतिपक्ष ते काढतोच.

एकच कायदा दोन सूच्यांना स्पर्श करीत असेल तर त्याचा गाभा शोधावा. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यावर हाच आक्षेप आला होता, की परदेशातून होणारी आयात हा केंद्राचा विषय आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सांगितले, की कायद्याचा गाभा मादक पेये हा राज्याचा विषय आहे आणि आयातीवर त्याचा ओझरता परिणाम झाल्याने अधिकार जात नाही. काही कलमे पडली, पण ती मूलभूत हक्कांच्या कारणाने.

पैशाच्या प्रश्नासाठी वस्तू व सेवा कर (जीएसटी) परिषदेची मतविभागणी पाठ असावी. केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोनतृतीयांश, आणि निर्णयाला तीनचतुर्थांश लागतात. म्हणजे सारी राज्ये एकत्र आली तरी केंद्राशिवाय ठराव होत नाही. या परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले, आणि हे वाक्य दोन्ही बाजूंच्या उपयोगाचे आहे.

आता हे चारही प्रश्न नवी मुंबई विमानतळाच्या नावाला लावून पाहा. जमीन सिडको या राज्याच्या शहर विकास महामंडळाने मिळवून दिली, पण विमानतळ हा विषय संघ सूचीतला. त्यामुळे लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नावाचा ठराव विधिमंडळाने २०२२ मध्ये केला तरी पुढचा निर्णय केंद्राच्या हातात राहतो. ‘नाव राज्यानेच द्यावे’ असे म्हणणारा वक्ता पहिल्याच उलटप्रश्नात अडकेल. अशा ठरावावर केंद्राने ठराविक मुदतीत कारणांसह उत्तर देणे बंधनकारक असावे का, असा प्रश्न मांडला तर मात्र प्रतिपक्षालाही तयारी करून यावे लागेल.