‘हुपोस्तासिस’शी झटापट

संस्कृत येत असलं की ग्रीक सोपं जातं, या समजात मी आरंभीच्या ख्रिस्ती धर्मविचाराचा अभ्यास सुरू केला आणि ‘हुपोस्तासिस’ या ग्रीक शब्दापाशी तोंडावर आपटलो. ‘हुपो’ म्हणजे आपला ‘उप’, ‘स्तासिस’ म्हणजे ‘स्थिती’. दोन्ही नाती भाषाशास्त्राला मान्य आहेत. म्हणून त्रैक्यावरच्या (एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे, या शिकवणीवरच्या) निबंधात बेधडक लिहिलं: एका देवाच्या तीन उपस्थिती. सरांनी समासात एवढंच लिहिलं, ‘हा तर साबेल्लियस!’ पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही एकाच देवाची नुसती सोंगं, असं मानल्याचा ठपका असलेल्या माणसाच्या पंगतीत मी नकळत जाऊन बसलो होतो.

मग शब्दकोश उघडला. ग्रीक वैद्य हाच शब्द लघवीच्या तळाशी बसणाऱ्या गाळाला वापरत. इब्री लोकांस पत्राच्या 11व्या अध्यायात तो पहिल्याच ओळीत येतो, तिथे मराठी बायबल ‘भरवसा’ म्हणतं. गाळ आणि भरवसा, घ्या!

खरा गुंता चौथ्या शतकातला. 325 साली नायसियाच्या परिषदेने पुत्र ‘वेगळ्या हुपोस्तासिसचा किंवा उसियाचा (म्हणजे तत्त्वाचा)’ म्हणणाऱ्यांना शाप दिला, जणू दोन्ही शब्द एकच. 362 मध्ये अलेक्झांड्रियात तिथला बिशप अथानासियस याने ‘हुपोस्तासिस एक’ आणि ‘हुपोस्तासिस तीन’ म्हणणाऱ्या दोन्ही गटांना नुसतं विचारलं, तुम्हाला म्हणायचंय काय? ‘एक’ म्हणणारे तत्त्वाबद्दल बोलत होते, ‘तीन’ म्हणणारे तिघांच्या खऱ्या अस्तित्वाबद्दल. भांडण बरंचसं शब्दाचं निघालं. पुढे बासिल वगैरे ग्रीक धर्मपंडितांनी घडी बसवली: उसिया एक, हुपोस्तासिस तीन. तरी सीरियाच्या वाळवंटातून लॅटिन लेखक जेरोम रोमचा बिशप डमासस याला पत्र लिहून विचारतो, तीन म्हणू की नको? लॅटिन ‘सब्स्टान्शिया’ची फोडही तशीच, त्यामुळे त्याला तीन म्हणजे तीन तत्त्वं वाटली. माझाच खड्डा, सोळाशे वर्षं आधी.

नवीन असाल तर हा शब्द भेटला की अर्थाआधी साल, लेखक आणि गाव टिपा. लिडेल-स्कॉटच्या कोशावर भागवू नका. तो मुख्यतः अभिजात ग्रीकचा. चर्चच्या पितरांसाठी (म्हणजे आरंभीच्या ख्रिस्ती धर्मलेखकांसाठी) लॅम्पेचा कोश ग्रंथालयात बसूनच चाळा, फार महाग आहे. आणि ‘व्यक्ती’ हा मराठी शब्द घाईने चिकटवू नका, त्यातून तीन वेगळी माणसं डोळ्यांसमोर येतात. मी अजून देवनागरीत ‘हुपोस्तासिस’च लिहितो. 451 च्या खाल्कीदोनच्या परिषदेत तोच शब्द ख्रिस्ताबद्दल आला, स्वभाव दोन पण हुपोस्तासिस एक, आणि तिथे मला नवी वही घ्यावी लागली.