दोन भावांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कायदेशीरपणे विभागताना

वडिलांनी उभारलेली कंपनी वाटून घ्यायची ठरली की ‘फाउंड्री तुझी, मशीन शॉप माझे’ असा कागद घरातच होतो आणि त्यावर सह्याही होतात. या कागदाने कंपनीचे काहीच विभागले जात नाही, कारण मालमत्ता कंपनीची असते, भागधारकांची नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये बाचा गझदर प्रकरणात हे स्पष्ट केले आहे.

सुरुवात कंपनीच्या सभासद नोंदवहीपासून, म्हणजे भागधारकांच्या नोंदीपासून करावी. दिवंगत वडिलांचे शेअर अजून त्यांच्याच नावावर असतील, तर ते आधी वारसांच्या नावे चढवून घ्यावेत, कारण विभागणीच्या योजनेला संमती देणारा भागधारकच नोंदीत नसेल तर पुढचे सारे अडते.

त्यानंतर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २३० ते २३२ नुसार डिमर्जरची, म्हणजे कंपनीचा एक भाग वेगळा करून नव्या कंपनीकडे सोपवण्याची, योजना तयार करावी. कोणते युनिट, कोणती यंत्रे, कोणते कर्ज आणि कोणते कामगार नव्या कंपनीकडे जाणार, हे परिशिष्टात नेमके लिहावे. नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रात असल्यास अर्ज राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जातो. भागधारकांच्या आणि धनकोंच्या (कंपनीला कर्ज देणाऱ्या बँका व इतर देणेकऱ्यांऐवजी येणे असणारे) सभेत मतदान करणाऱ्यांपैकी संख्येने बहुमत आणि मूल्याने तीन चतुर्थांश मते लागतात. मूल्याने किमान ९० टक्के धनकोंनी शपथपत्रावर संमती दिली, तर त्यांच्या सभेतून न्यायाधिकरण सूट देऊ शकते. बँकेशी बोलणी म्हणूनच अर्जाच्या आधी करावीत.

खरी अडचण प्राप्तिकराची आहे. डिमर्जर करमुक्त राहायचे असेल, तर नव्या कंपनीचे शेअर जुन्या भागधारकांना त्यांच्या हिश्श्याच्या प्रमाणात द्यावे लागतात. म्हणजे दोन्ही भाऊ दोन्ही कंपन्यांत राहतात! वेगळे होण्यासाठी शेअरांची अदलाबदल करावी लागते आणि तिथे भांडवली नफ्यावरील कराचा प्रश्न उभा राहतो. खरा वाद मिटवण्यासाठी सद्भावनेने केलेली कौटुंबिक व्यवस्था म्हणजे ‘हस्तांतरण’ नव्हे, आणि म्हणून तिच्यावर हा कर लागत नाही, असे न्यायालयांनी अनेक प्रकरणांत मानले आहे. म्हणून वाद आणि तडजोड यांचे कागद त्या त्या वेळीच करून ठेवावेत, मागाहून नव्हे.

कंपनीकडे मागील वर्षांचा तोटा असेल तर आणखी जपावे लागते. तोटा झाला त्या वर्षीच्या भागधारकांकडे किमान ५१ टक्के मताधिकार टिकला नाही, तर तो पुढील वर्षांच्या नफ्यातून वजा करता येत नाही. निम्मे-निम्मे शेअर असलेल्या भावांची अदलाबदल नेमकी इथे अडकते. मात्र मृत्यूमुळे किंवा नातलगाला दिलेल्या भेटीमुळे झालेल्या बदलाला सूट आहे.

योजना मंजूर करणाऱ्या न्यायाधिकरणाच्या आदेशाची प्रमाणित प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत ती कंपनी निबंधकाकडे दाखल करावी. महाराष्ट्रात या आदेशावर मुद्रांक शुल्कही लागते, त्यामुळे त्याचा हिशेब योजनेच्या मसुद्याच्या वेळीच करावा. भावाच्या वाट्याला गेलेल्या कर्जाला आपण दिलेली वैयक्तिक हमी डिमर्जरने आपोआप सुटत नाही. बँकेचे हमीमुक्तीचे लेखी पत्र हाती येईपर्यंत अदलाबदलीच्या कागदांवर सही करू नये.