ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवताना या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडे ऊस हंगामाच्या तोंडावर जुन्या ट्रॅक्टरची खरेदी-विक्री वाढते, आणि ते ट्रेलरवर चढवण्याचे काम बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेलाच दोन फळ्या टाकून उरकले जाते. पुष्कळशा अपघातांचे मूळ या फळ्यांच्या लांबीत असते. ट्रेलर जमिनीपासून ४ फूट उंच आणि फळ्या १० फुटी असतील, तर चढ जवळपास २४ अंशांचा होतो. १६ फुटी फळ्या लावल्यास तोच चढ १५ अंशांच्या आत येतो. लांब फळ्या मिळत नसतील, तर मुरमाचा धक्का किंवा पक्का बांध पाहून ट्रेलर त्याला भिडवावा.

सर्वांत घातक चूक म्हणजे उभ्या चढावर ट्रॅक्टर तोंडाच्या बाजूने चढवणे. ४५ ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन २ टनांच्या आसपास असते आणि त्यातला मोठा भाग मागच्या चाकांवर असतो. चढावर हा भार आणखी मागे जातो. त्यातच क्लच झटक्याने सुटला किंवा मागचे चाक अडले, की इंजिनाची ताकद चाक फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचे धडच मागच्या आसाभोवती वर उचलते, आणि पुन्हा क्लच दाबण्याइतकीही सवड चालकाला मिळत नाही. म्हणून ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये, अगदी सावकाश चढवावा आणि उतरवताना पहिल्या लो गिअरमध्ये तोंडाच्या बाजूने उतरवावा, म्हणजे दोन्ही वेळा जड बाजू वरच राहते. रिव्हर्समध्ये स्टिअरिंगचा अंदाज येत नाही, ही चालकांची तक्रार खरी असली तरी तो अंदाज मोकळ्या रानात सराव करून घेता येतो.

दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी पट्टी हमखास विसरली जाते. शेतात आखूड वळण घेण्यासाठी ती सोडलेली असते आणि तशीच राहते. मग फळीवर एकच पेडल दाबले गेले, तर एकच मागचे चाक थांबते आणि ट्रॅक्टर तिरका होऊन फळीवरून घसरतो. चढावर मध्येच गिअर बदलणे किंवा क्लच दाबणे हेही तितकेच धोक्याचे आहे. टायरच्या खाचांतली काळी माती आधीच खरवडून काढावी, कारण ओल्या लोखंडी फळीवर ती साबणासारखी निसटते.

मागच्या टोकावर वजन येताच ट्रेलरचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दबतात, फळीचे टोक सरकते आणि ट्रेलर ओढणाऱ्या गाडीपासून सुटा असेल, तर त्याचे तोंड वर उचलले जाते. त्यामुळे तो जोडलेला असावा, चाकांना ठोकळे लावलेले असावेत आणि फळ्या हुकाने किंवा साखळीने अडकवलेल्या असाव्यात. “येऊ दे, येऊ दे” म्हणणारे चौघे जण चार दिशांना उभे राहण्यापेक्षा चालकाला दिसेल असा एकच माणूस बाजूला उभा करावा. फळ्यांच्या मागे मात्र कोणीही थांबू नये.

वर गेल्यावर अवजार खाली टेकवून, ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक लावावा. नायलॉनची दोरी ताणते, म्हणून चारही कोपऱ्यांना साखळ्या घालाव्यात; त्या स्टिअरिंगच्या रॉडला नव्हे, तर पुढच्या आसाला आणि मागे ड्रॉबारला (ट्रॉली जोडण्याच्या दांड्याला) बांधाव्यात. हवेच्या टायरवर ट्रॅक्टर उसळत राहिल्याने साखळ्या वाटेत सैल पडतात. कराडहून चिपळूणला निघालेल्या गाडीने पाटण सोडल्यावर, कुंभार्ली घाट लागण्यापूर्वी थांबून त्या पुन्हा आवळाव्यात.