ऑनलाइन क्लासबद्दल नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना काय वाटतं, हे नीट कसं विचारायचं

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची महासाथ जाहीर केली, २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला आणि नर्सिंगचं शिक्षण हॉस्टेल, वॉर्ड आणि स्किल लॅबमधून उठून मोबाईलवर आलं. परिचारिका आणि सुईणींचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून संघटनेने ठरवलेलं वर्षही नेमकं तेच होतं. या काळातल्या ऑनलाइन शिक्षणाबद्दल विद्यार्थ्यांची अभिवृत्ती, म्हणजे मनाचा कल, काय होती, हा विषय एमएस्सीच्या प्रबंधाला किंवा बीएस्सीच्या ग्रुप प्रोजेक्टला घ्यावासा वाटणं साहजिक आहे. विषय चांगला आहे, पण त्यात एक खड्डा आहे. घरी रेंज नसल्याचा वैताग, साथीची भीती आणि ऑनलाइन शिकण्याबद्दलचं खरं मत या तिन्ही गोष्टी एकाच आकड्यात मिसळतात, आणि मग त्या आकड्यावरून कॉलेजला काहीच ठरवता येत नाही. पुढची सगळी पद्धत या तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवण्यासाठी आहे.

प्रश्नावलीचे भाग

पहिला भाग ओळखीचा: वर्ष, अभ्यासक्रम (एएनएम किंवा जीएनएम हे पदविकेच्या पातळीचे, की बीएस्सी ही पदवी), बारावीपर्यंतचं माध्यम, राहणं गावात की शहरात. सहा-सात प्रश्न पुरेत. वर्गात साठ जण आणि त्यांत मुलगे दोनच असतील, तर ‘पुरुष’ आणि ‘दुसरं वर्ष’ या दोन खुणांवरून माणूस ओळखू येतो. मग निनावीपणाला अर्थ राहत नाही. अशा वर्गात लिंगाचा प्रश्न विचारूच नका.

दुसरा भाग सोयींचा. यात मत विचारायचं नाही, फक्त वस्तुस्थिती. मोबाईल स्वतःचा होता की भावंडांबरोबर वाटून घ्यावा लागत होता? क्लास ऐकायला घराबाहेर, गच्चीवर किंवा शेताच्या बांधावर जावं लागत होतं का? दिवसाचा डेटा क्लास संपायच्या आत संपायचा का? क्लास चालू असताना स्वयंपाक, पाणी भरणं, लहान भावंडं सांभाळणं अशी कामं अंगावर यायची का? हा शेवटचा प्रश्न मुलींच्या बाबतीत फार बोलका ठरतो आणि तोच बहुतेक वेळा राहून जातो. क्लास मध्येच तुटण्याबद्दलही विचारा, पण कारण वेगळं करून. रेंज गेल्यामुळे क्लास तुटणं ही विद्यार्थ्याच्या बाजूची अडचण आहे. झूमची ४० मिनिटांची मोफत मुदत संपून तुटणं ही कॉलेजच्या बाजूची. दोन्हींचे उपाय निराळे आहेत.

तिसरा भाग अभिवृत्तीचा, आणि खरी मेहनत इथेच आहे.

विधानं कशी लिहायची

लायकर्ट पद्धतीची पाच पायऱ्यांची मोजपट्टी घ्या: पूर्ण असहमत १, असहमत २, सांगता येत नाही ३, सहमत ४, पूर्ण सहमत ५. सुरुवातीला तीसेक विधानं लिहा, गाळून शेवटी वीस ठेवा. नर्सिंगमध्ये ऑनलाइन शिकणं ही एक गोष्ट नसून चार आहेत: थिअरी, प्रोसिजर, रुग्णाशी प्रत्यक्ष वागणं आणि परीक्षा. प्रत्येकाची पाच-पाच विधानं ठेवा. शरीररचना किंवा पोषणाचा रेकॉर्ड केलेला तास पुन्हा लावून ऐकता येतो, म्हणून एखादी मुलगी थिअरीला मनापासून ५ देईल. तीच मुलगी प्रोसिजरच्या विधानांना १ देईल. दोन्हींची बेरीज करून सरासरी काढली तर ‘मध्यम’ येतं, आणि तसं मत तिचं कधीच नव्हतं.

एक विधान घेऊन पाहू. पहिला खर्डा बहुधा असा येतो: ‘ऑनलाइन क्लासमुळे प्रोसिजर चांगल्या समजतात आणि वेळ वाचतो.’ यात दोन गोष्टी आहेत. वेळ वाचला पण समजलं नाही, तिने काय लिहायचं? शिवाय ‘प्रोसिजर’ म्हणजे नेमकी कोणती? बेड मेकिंग आणि कॅथेटर (लघवीची नळी) घालणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि ‘समजणं’ म्हणजे पायऱ्या पाठ होणं की हात बसणं? दुरुस्त केलेलं विधान असं होईल: ‘कॅथेटर घालण्याच्या पायऱ्या व्हिडिओवरून क्रमाने लक्षात राहतात.’ त्याला जोड दुसरं: ‘फक्त व्हिडिओ पाहून रुग्णाला कॅथेटर घालायला मी धजेन.’ पहिल्यावर ४ आणि दुसऱ्यावर १ आला, तर व्हिडिओ कुठवर कामाचा आणि मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) हात कुठून हवा, हे थेट कळतं.

साथीची भीती वेगळी करायला जोड-विधानं लागतात. ‘मला ऑनलाइन क्लास हवे आहेत’ एवढंच २०२० मध्ये विचारलं असतं, तर ‘हो’ म्हणणारीच्या मनात कोविड वॉर्डची पोस्टिंग टळावी एवढंच असू शकलं असतं. म्हणून दोन विधानं लिहा आणि ती प्रश्नावलीत एकमेकांपासून लांब ठेवा: ‘साथ चालू असताना ऑनलाइन शिकणं मला योग्य वाटतं’ आणि ‘साथ नसतानाही थिअरीचे काही तास ऑनलाइन असावेत’. पहिल्याला होकार आणि दुसऱ्याला नकार असेल, तर ती शिक्षणपद्धतीची आवड नसून सुरक्षिततेची गरज आहे.

विसापैकी आठ-नऊ विधानं उलट्या दिशेची ठेवा, म्हणजे सहमती दाखवली की ऑनलाइनविरुद्ध मत मोजलं जाईल. पण ती ‘नाही’ घालून उलटी करू नका. ‘मला एकटं वाटत नाही’ याला ‘असहमत’ म्हणताना वाचणारीचा गोंधळ उडतो. ‘ऑनलाइन क्लासमध्ये मला एकटं वाटतं’ असं सरळ लिहा.

भाषेचं काय? नर्सिंगची पुस्तकं इंग्रजीत असली, तरी मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला मनातलं मराठीतच नेमकं सांगता येतं. विधानं आधी मराठीत लिहा. गाईडना इंग्रजी प्रत हवी असेल तर ती त्यावरून करा, मग मराठी प्रत न पाहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून ती पुन्हा मराठीत आणा आणि दोन्ही मराठी प्रती शेजारी ठेवून वाचा. जिथे अर्थ सरकला, ते विधान मुळातच धूसर होतं.

तज्ज्ञ आणि पायलट

सात तज्ज्ञ निवडा, पण सगळे वर्गात शिकवणारेच नकोत. निदान एक वॉर्ड सिस्टर, एक मानसशास्त्राची जाणकार आणि एक संख्याशास्त्राचा माणूस हवा. प्रत्येकाने प्रत्येक विधानाला सुसंगततेचे १ ते ४ गुण द्यायचे. ३ किंवा ४ देणाऱ्यांची संख्या भागिले एकूण तज्ज्ञ, हा त्या विधानाचा आशय-वैधता निर्देशांक. सहा किंवा जास्त तज्ज्ञ असतील तर तो ०.७८ च्या खाली नसावा. म्हणजे सातपैकी सहा अनुकूल असले तर ०.८६ येतो आणि विधान राहतं, पाचच असले तर ०.७१ येतो आणि ते दुरुस्त करावं लागतं. तज्ज्ञ पाच किंवा कमी असतील, तर सगळ्यांचं एकमत लागतं.

पायलट, म्हणजे प्रश्नावलीची छोटी रंगीत तालीम, दुसऱ्या कॉलेजात किंवा मुख्य अभ्यासात न येणाऱ्या वीस-तीस जणींवर घ्या. चार-पाच जणींना शेजारी बसवून विधान मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, ‘यातून तुला काय कळलं?’ आकडे दाखवणार नाहीत अशा चुका इथे सापडतात.

मग विश्वासार्हता. विधानं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा क्रोनबाखचा अल्फा एक्सेलमध्येही निघतो. आधी उलट विधानांचे गुण फिरवा: ६ वजा दिलेला गुण, म्हणजे ५ चा १ आणि २ चा ४. हे विसरलं तर अल्फा कोसळतो, कधी उणेही येतो, आणि प्रश्नावली चांगली असून फेकली जाते. मग प्रत्येक विधानाचं प्रचरण (गुण किती विखुरले आहेत याचं माप) काढा, त्यांची बेरीज करा आणि एकूण गुणांच्या प्रचरणाने भागा. वीस विधानांच्या प्रचरणांची बेरीज २२ आणि एकूण गुणांचं प्रचरण ८८ असेल, तर २२ भागिले ८८ म्हणजे ०.२५, १ मधून वजा केलं की ०.७५, त्याला २०/१९ ने गुणलं की साधारण ०.७९. ०.७० च्या वर असला की चालतो. चारही उपभागांचा अल्फा वेगळा काढा. सोयींच्या भागाचा काढू नका. मोबाईल वाटून घेणं आणि रेंज नसणं एकमेकांशी जुळायलाच हवं असं काही नाही, त्यामुळे तिथे तो निरर्थक आहे.

किती जणींना आणि कुणाकरवी

बीएस्सीची चारही वर्षं मिळून २४० विद्यार्थी धरा. किती जणींना विचारायचं हे ठरवणाऱ्या यामाने सूत्राने ५ टक्के चूक धरून २४० भागिले १.६, म्हणजे १५० येतात. वीस टक्के जणी फॉर्म भरणार नाहीत असं धरलं तर १८८ जणींकडे जावं लागतं. १८८ जणींकडे जायचंच असेल तर उरलेल्या ५२ का सोडायच्या? सगळ्यांना विचारा. निकाल मात्र वर्षानुसार मांडा, कारण वॉर्ड अजून न पाहिलेली पहिल्या वर्षाची मुलगी आणि पोस्टिंग बुडालेली शेवटच्या वर्षाची मुलगी यांना एका रांगेत बसवता येत नाही.

या विषयातली सगळ्यात मोठी फसगत होते फॉर्म पोहोचवताना. गूगल फॉर्मची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की ती त्यांनाच भरता येते ज्यांच्याकडे नेट आहे. क्लासला हजर राहू न शकलेल्या मुली इथेही गैरहजर राहतात, आणि निष्कर्ष निघतो की विद्यार्थी ऑनलाइन शिक्षणाला अनुकूल आहेत. म्हणून आठ दिवसांनी यादी घ्या. फॉर्म निनावी असल्याने कुणी भरला हे दिसत नाही, तेव्हा सगळ्यांनाच कळवा की कागदावर किंवा फोनवरही उत्तरं देता येतील, आणि ज्यांची ऑनलाइन हजेरी कमी होती त्यांना आवर्जून फोन करा. फोन वर्गशिक्षिकेने करायचा नाही. दुसऱ्या विभागाच्या व्यक्तीने, तीच विधानं त्याच क्रमाने, स्वतःचा एकही शब्द न घालता वाचायची. फोनवरची उत्तरं वेगळ्या रकान्यात नोंदवा आणि दोन्ही गटांची तुलना अहवालात दाखवा.

इंटर्नल मार्क ज्यांच्या हातात आहेत, त्यांनी फॉर्म गोळा केला तर उत्तरं गोड येतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही अधिकाराच्या उतरंडीत खालच्या पायरीवर असलेल्यांची, त्यांत विद्यार्थी आलेच, जास्त काळजी घ्यायला सांगितलं आहे. मार्क जाहीर झाल्यावर फॉर्म पाठवा आणि ‘भरला नाही तरी काही बिघडत नाही’ हे पहिल्याच ओळीत लिहा. गूगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याची सेटिंग बंद आहे का, ते स्वतः तपासा. पहिल्या वर्षात काही मुली सतरा वर्षांच्या असतात. त्यांच्यासाठी पालकांची संमती आणि मुलीची स्वतःची मान्यता, दोन्ही लागतात. एथिक्स कमिटीत प्रस्ताव अडतो तो बहुधा याच जागी.

आता मागे वळून त्या काळाबद्दल विचारायचं असेल, तर लक्षात ठेवा की २०२० ला प्रवेश घेतलेल्या बीएस्सीच्या मुली आज स्टाफ नर्स आहेत. तेव्हा काय वाटलं होतं, हे त्यांना आजच्या अनुभवाच्या रंगातूनच आठवणार. त्यांना भावना विचारण्यापेक्षा घटना विचारा: पहिलं आयव्ही प्रत्यक्ष रुग्णाला कितव्या वर्षी लावलं, तेव्हा शेजारी कोण होतं, लॉगबुकमधल्या कोणत्या नोंदी हाताने न करता पूर्ण झाल्या.

आकडे वाचताना

वीस विधानांचे गुण २० ते १०० असतात. ५० टक्क्यांखाली प्रतिकूल, ५० ते ७५ मध्यम अनुकूल, त्यावर अनुकूल असे कप्पे पाडण्याची रीत आहे. ती इथे चुकते. प्रत्येक विधानाला ‘सांगता येत नाही’ म्हणणारीचे गुण ६० होतात, आणि काहीच मत नसताना ती ‘मध्यम अनुकूल’ ठरते. मोजपट्टी शून्यापासून नाही, २० पासून सुरू होते, हे विसरल्यामुळे असं होतं. गुणांतून २० वजा करा, ८० ने भागा, १०० ने गुणा. मग तिचे बरोबर ५० होतात.

दोन गोष्टींचा संबंध आहे का हे तपासणारी काय-वर्ग चाचणी प्रत्येक माहितीच्या प्रश्नाशी लावत सुटू नका. ०.०५ च्या पातळीवर दहा स्वतंत्र चाचण्या केल्या, तर काहीही संबंध नसताना एखादा तरी ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता ४० टक्के असते. आधीच दोन-तीन प्रश्न ठरवा, उदाहरणार्थ रेंज असलेल्या आणि नसलेल्या मुलींचं प्रोसिजरबद्दलचं मत वेगळं आहे का. रेंज उत्तम असूनही प्रोसिजरला गुण कमी आले, तर अडचण नेटची नाही आणि टॅब वाटून ती सुटणार नाही. उलट थिअरीचे गुण फक्त रेंज नसलेल्यांचे कमी आले, तर रेकॉर्ड केलेले तास डाउनलोड करून ऐकता येतील अशी सोय पुरेशी आहे.

फॉर्मच्या शेवटी एक मोकळा प्रश्न जरूर ठेवा: ‘हाताने करायची राहून गेलेली एक प्रोसिजर कोणती?’ उत्तरं एका कागदावर उतरवा, किती जणींनी कोणती लिहिली ते मोजा आणि तो कागद स्किल लॅबच्या प्रभारींकडे द्या. नवजात बाळाला बॅग-मास्कने श्वास देणं, नाकातून नळी घालणं, कॅथेटर: जे नाव सगळ्यात वर येईल, त्याचं मॅनिकिन पहिल्या आठवड्यात बाहेर काढायचं आणि प्रत्येकीकडून निदान तीनदा रिडेमॉन्स्ट्रेशन (पाहिलेलं स्वतः करून दाखवणं) करून घ्यायचं.