रविवारची मुंबई स्केटबोर्डवरून: निघण्याआधीची तयारी

सुरुवात चाकांपासून करा. स्केटपार्कसाठी घेतलेल्या बोर्डला बहुधा ५२ ते ५४ मिलिमीटरची, ९९ए किंवा १०१ए कडकपणाची चाकं असतात. गुळगुळीत काँक्रीटवर ती सुंदर धावतात. फोर्टातल्या डांबरावर मात्र त्यांच्यामुळे एकेक खडा तळपायाला कळतो आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीत चाक अडकलं की आपण पुढे फेकले जातो. शहर फिरायचं तर ६० मिलिमीटरच्या आसपासची, ७८ए इतकी मऊ चाकं हवीत. डेक, म्हणजे उभं राहायची फळी, तोच चालतो. फक्त बोर्ड दोन्ही बाजूंना पूर्ण झुकवून बघा, मोठं चाक डेकला घासत असेल तर डेक आणि ट्रक (चाकं धरणारा धातूचा सांगाडा) यांच्या मध्ये रायझर पॅड, म्हणजे जाड पट्टी, घाला आणि बोल्टही तेवढे लांब घ्या. हे घरीच तपासायचं, कारण धावत्या बोर्डचं चाक डेकला टेकलं तर बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि आपण थांबत नाही.

मऊ चाकांचा आणखी एक फायदा, ती आवाज कमी करतात. खडखडाट ऐकला की गल्लीतली कुत्री मागे लागतात. लागली तर वेग वाढवू नका. उतरा, बोर्ड हातात घ्या आणि शांतपणे चालू लागा. चाकं थांबली की बहुतेक वेळा तीही थांबतात.

आदल्या रात्री प्रत्येक चाक हाताने फिरवून बघा. समुद्राच्या खाऱ्या हवेने बेअरिंग गंजतात आणि एरवी सळसळणारं चाक दोन वळशांत थांबतं. बेअरिंग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब पुरतो. नट आवळा, ट्रकचं बुशिंग, म्हणजे वळताना दबणारं मऊ कडं, तडकलेलं नाही ना ते पाहा, आणि टी-टूल, म्हणजे बोर्डचे नट आवळायचा पाना, पिशवीत टाकाच. रविवारी सकाळी सहा वाजता फोर्टात पाना देणारं उघडं दुकान सापडणार नाही.

आता उकाड्याचं. मार्च ते मे मुंबईत पारा तेहतीस-चौतीसच दाखवतो, म्हणून नवख्याला ते सोपं वाटतं. पण हवेत एवढा दमटपणा असतो की घाम येतो आणि वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. शिवाय काही दिवस सकाळी जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून वारा वाहतो आणि समुद्रावरचा वारा दुपारपर्यंत आत शिरत नाही. त्या दिवशी पारा एकदम चढतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती. म्हणून आदल्या रात्री हवामान विभागाचा अंदाज वाचा आणि उष्णतेचा इशारा असेल तर बेत पुढच्या रविवारवर ढकला. एरवीही सहाच्या सुमाराला चाकं जमिनीवर आणि नऊला आवरतं, एवढं पक्कं ठरवा. संध्याकाळ मला या कामासाठी अजिबात पसंत नाही: डांबर दिवसभर तापलेलं असतं आणि मरीन ड्राइव्हवर पाऊल ठेवायला जागा नसते.

पाणी दीड लिटर तरी हवं, आणि त्यासोबत ओआरएसची पाकिटं. नुसतं पाणी ढोसून पायात गोळे येतात, कारण घामावाटे मीठही जातं. वाटेत शहाळं किंवा लिंबू सरबत मिळालं तर उत्तम. सुती टी-शर्टचा एक बदली जोड, मोज्यांचा एक जोड, सपाट तळव्याचे कॅनव्हासचे बूट. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा, खिशात नको. पडलात तर तो आधी फुटेल.

पडणार, हे धरूनच चला. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड मी कोणालाही ऐच्छिक म्हणून सांगणार नाही. पडताना माणूस हात पुढे टाकतो आणि मनगटच मोडतं. बेटाडिन, गॉज, क्रेप बँडेज सोबत असू द्या. सेंट जॉर्जेस आणि जीटी (गोकुळदास तेजपाल) ही दोन्ही सरकारी रुग्णालयं सीएसएमटीच्या जवळ आहेत, आणि १०८ वर रुग्णवाहिका येते. फूट ब्रेक न शिकता, म्हणजे मागचा पाय जमिनीला घासून थांबणं अंगवळणी न पडता, रस्त्यावर उतरूच नका.

माझा मार्ग सीएसएमटीहून सुरू होतो. जीपीओवरून बॅलार्ड इस्टेटला जा. गोदी खोदताना निघालेल्या मातीचा भराव घालून पहिल्या महायुद्धाच्या काळात ही वसाहत उभी राहिली. आखणी जॉर्ज विटेटची, ज्याने गेटवे ऑफ इंडियाचाही आराखडा केला. इथे सगळी कचेऱ्यांची वस्ती, त्यामुळे रविवारी रस्ते रुंद, सरळ आणि रिकामे. इथे घाई करू नका. एकसारख्या उंचीच्या इमारती दोन्ही बाजूंनी सरकत जातात आणि पुश करायचंही, म्हणजे पायाने जमीन ढकलायचंही, विसरायला होतं. गाडीतून हा भाग दिसतच नाही, चालताना फार सावकाश उलगडतो. बोर्डचा वेगच त्याला शोभतो.

तिथून हॉर्निमन सर्कल. एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या बघून त्यांवर बोर्ड घासत नेण्यासाठी हात शिवशिवतील, पण तो दगड आपल्याआधीचा आहे आणि त्याच्या कडा ट्रकने झिजवायला आपल्याला कोणी दिलेला नाही. उतरून बसा, पाणी प्या. पुढे वीर नरिमन रोड हुतात्मा चौकावरून, ओव्हल मैदानाच्या कडेने, चर्चगेटवरून थेट समुद्रापर्यंत जातो. सिग्नलजवळ, बेस्टच्या थांब्याजवळ आणि झाकणं, जाळ्या दिसतील तिथे उतरून चालायचं. या मार्गाचा बराच हिस्सा पायी होतो, आणि तो तसाच व्हायला हवा.

मरीन ड्राइव्ह पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी लवकर पोचलात तर समोरच्या आर्ट डेको इमारतींची सावली मिळते. समुद्र डाव्या हाताला ठेवून गिरगाव चौपाटीकडे निघा. हा पदपथ आधी चालणाऱ्यांचा आहे. आजी-आजोबा समोरून आले तर बोर्डवरून उतरा, आणि कोणी पोलीसदादा उतरायला म्हणाले तर वाद घालू नका. चौपाटीची वाळू लागण्याआधी बोर्ड उचला. बेअरिंगमध्ये वाळू गेली की रात्रीची सगळी मेहनत वाया.

परतीला चर्नी रोड स्टेशन जवळ आहे. मध्य रेल्वेवाल्यांनी दादरला गाडी बदलायची. रविवारचा मेगाब्लॉक बहुधा अकराच्या सुमाराला सुरू होतो, त्याचं वेळापत्रक शनिवारीच बघून ठेवा. डब्यात बोर्ड उभा धरा, काळी चाकं स्वतःकडे करून, म्हणजे शेजारच्याचे कपडे खराब होणार नाहीत.