पट्टे दिसले म्हणून ससाणा? पीस ओळखताना या चुका टाळा

बांधावर पट्टेरी पीस सापडलं की निकाल ठरलेला: "ससाण्याचं हाय." बेळगाव, खानापूर, निपाणीकडून माझ्याकडं असे फोटो येतात आणि त्यातली बरीच पिसं मोराची निघतात.

पिसाऱ्यातलं डोळ्याचं पीस कुणीही ओळखतं. पण मोराच्या खांद्यावर आणि पंखाच्या वरच्या भागावर फिकट पिवळसर रंगात काळ्या नागमोडी रेघांची पिसं असतात, ती कुणाच्या ध्यानात नसतात. नर मोराच्या पंखाच्या टोकाची लांब पिसं तर विटकरी. ती दिसली की ब्राह्मणी घार आठवते, कारण मलप्रभेच्या, घटप्रभेच्या काठाला ती आपण पाहिलेली असते. पण ब्राह्मणी घारीच्या त्या पिसांची टोकं काळी असतात. भारद्वाजाचं, म्हणजे कुंभारकावळ्याचं पीसही विटकरीच, मात्र आखूड आणि गोल टोकाचं.

म्हणून पट्टे सगळ्यात शेवटी बघा. आधी पीस अंगावर कुठलं होतं ते ठरवा. मधल्या दांड्याची एक बाजू अगदी अरुंद आणि दुसरी रुंद असेल, तर ते पंखाच्या टोकाचं. दांडा जवळजवळ सरळ आणि दोन्ही बाजू सारख्या असतील, तर बहुधा शेपटीच्या मधलं. मऊ, तळाशी कापसासारखं असेल तर अंगावरचं. त्यावरून जात सांगायच्या भानगडीत मी पडत नाही. टोकाकडं पीस एकदम अरुंद झालं म्हणून शिकारी पक्षी, हेही खरं नाही. कावळ्याच्या पिसालाही तशी खाच असते.

मग लांबी. शेजारी काहीच न ठेवता काढलेला फोटो जवळजवळ निरुपयोगी. शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी, चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत अख्खा ३०-३६ सेंटीमीटरचा. त्याचं एकच पीस २५ सेंटीमीटरचं कसं असेल? पट्टी नसेल तर पेन ठेवा, आणि फोटो दोन्ही बाजूंनी घ्या, कारण खालचा रंग वेगळा असू शकतो.

लांबी जुळली तरी शिक्र्याच्या बाबतीत कोकिळा आणि पावशा घोळ घालतात. शिक्र्याच्या शेपटीत राखाडी रंगावर मोजके गडद पट्टे; कोकिळेच्या शेपटीत गडद तपकिरीवर बरेच अरुंद फिके पट्टे. पावशा तर दिसायलाच शिक्र्यासारखा. त्याच्या शेपटीच्या पट्ट्यांना आणि टोकाला तांबूस छटा असते, ती शोधा.

घुबडाची परीक्षा सोपी आहे. पंखाच्या बाहेरच्या पिसाच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दात असतात आणि वरचा भाग मखमली लागतो. सोनेरी पिवळट, थोडे पट्टे आणि कडेला दात, असं पीस उसाच्या शिवारात मिळालं तर गव्हाणी घुबड धरा. उंदीर जिथं, तिथं ते.

जागा आणि महिना न सांगणं ही आणखी एक चूक. आपला बेळगाव जिल्हा पश्चिमेला घाटाचा, पूर्वेला कोरड्या माळाचा. जांबोटी, खानापूरच्या रानातल्या मोठ्या काळपट पिसावर एक रुंद पांढरा पट्टा असेल, तर सर्पगरुडाचा विचार करा. अथणीकडच्या माळावर हिवाळ्यात भोवत्या (हॅरिअर) हे शिकारी पक्षी पाहुणे येतात, तेव्हा ते नाव आधी घ्या.

ताडून बघायला 'फेदर लायब्ररी' हा भारतातल्या पक्ष्यांच्या पिसांचा ऑनलाइन संग्रह आहे. २०२१ मध्ये ईशा मुन्शी आणि शेरविन एव्हरेट यांनी तो सुरू केला.

पीस मात्र घरी आणू नका. शिकारी पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्यांची पिसं जवळ बाळगल्यास अडचणीत याल. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, पीस तिथंच सोडा. हात लावलाच असेल तर साबणानं धुवा. आणि आजूबाजूला मेलेले पक्षी दिसले तर अजिबात हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा वनखात्याला कळवा.