पुतण्या दिंडीप्रमुख झाला तर

धाकट्या दिराचा मुलगा दिंडीप्रमुख झाला, तरी आपल्याला आधी त्याचं शेंबडं नाकच आठवतं. लोक महाराज म्हणतात, तेवढ्यानं आपली श्रद्धा बसत नाही. त्यासाठी वारीत दोन मुक्काम त्याच्यासोबत चाला.

कीर्तनावर जाऊ नका. आळंदीला जोग महाराजांच्या वारकरी शिक्षण संस्थेत (१९१७ पासूनची) चार वर्षं घासली, की निरूपण जमतंच. बघायचं ते पंगतीत: शेवटच्या म्हातारीच्या पत्रावळीवर पिठलं पडेपर्यंत तो वाढतो का? टँकर आला नाही तर कुणावर ओरडतो? आमचा ओरडतो, पण वीणा घेऊन चालणाऱ्या विणेकऱ्यावर नि म्हाताऱ्यांवर नाही.

मग पाया पडा. वारीत तोही तुमच्या पडतो, त्यामुळे मानापमान मिटतो. भिशीचा, म्हणजे दिंडीतल्या जेवणाच्या वर्गणीचा, हिशेब मात्र खुशाल मागा.